फेरीवाले, पशुवधगृह आणि कचरा : महापालिकेकडे कोणते काम कोठे मागावे

विभाग कार्यालयाच्या आवक खिडकीवर गृहनिर्माण संस्थेच्या लेटरहेडवर लिहिलेले एक ठरावीक पत्र नेहमी येते. त्यात स्थानकाच्या वाटेवर बसणारे फेरीवाले असतात, कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानातून गटारात सोडले जाणारे पाणी असते, दोन दिवस न उचललेला कचरा असतो आणि शेवटी ‘तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती’ असते. पत्रावर शिक्का बसतो, सहायक आयुक्तांच्या शेऱ्यानिशी ते कोणत्या तरी एका खात्याकडे जाते, त्या खात्याने आपल्यापुरते दोन ओळींचे उत्तर दिले की धारिका बंद होते आणि उरलेल्या दोन तक्रारींचा पत्ता लागत नाही. लोक याला पालिकेची अनास्था म्हणतात, आणि ती असतेही. पण निम्मा दोष पत्राच्या रचनेत असतो. फेरीवाले, मांस आणि कचरा हे तीन विषय एकाच पदपथावर भेटत असले तरी त्यांचे कायदे, खाती आणि अधिकारी वेगवेगळे आहेत, म्हणून प्रत्येकाचा कागद वेगळा लिहावा लागतो. पुढील माहिती मुख्यतः मुंबईच्या संदर्भात दिली आहे. राज्यातील इतर महापालिकांमध्ये खात्यांची नावे बदलतात, कामाची विभागणी बहुतांशी तशीच राहते.

सर्वप्रथम पालिकेचे कर्तव्य कोठून येते ते पाहावे. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली आणि तिच्यात नागरी संस्थांकडे सोपवायचे 18 विषय आले. सहावा विषय सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनाचा आहे आणि अगदी शेवटचा, अठरावा, पशुवधगृहे व कातडी कमावण्याचे कारखाने यांच्या नियमनाचा. मुंबईपुरता 1888 चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम 61 मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. इतर महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू असून तेथे हीच यादी कलम 63 मध्ये सापडते. रस्ते झाडणे, रस्त्यावरील अडथळे दूर करणे, सार्वजनिक बाजार आणि पशुवधगृहे चालवणे ही कामे या याद्यांमध्ये आहेत. मुंबईतील पत्रात कलम 61 चा आणि इतरत्र कलम 63 चा उल्लेख केल्यास विनंतीचे रूपांतर मागणीत होते, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यालाही ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे म्हणणे जड जाते.

फेरीवाल्यांचा प्रश्न

तिघांपैकी हा विषय सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण येथे दोन कायदे एकमेकांसमोर उभे आहेत. 1888 च्या अधिनियमाचे कलम 314 आयुक्तांना रस्त्यावर विनापरवाना मांडलेला माल आणि गाड्या नोटीस न देता हटवण्याचा अधिकार देते. अतिक्रमण निर्मूलनाची गाडी याच बळावर फिरते. दुसरीकडे पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण व पथविक्रीचे विनियमन करणारा केंद्राचा 2014 चा अधिनियम आहे. तो 1 मे 2014 पासून अमलात आला आणि त्याच्या कलम 33 नुसार विसंगती असेल तेथे त्याचीच तरतूद वरचढ ठरते. तक्रार करणारा नागरिक आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो फेरीवाला, या दोघांनीही हा दुसरा कायदा माहीत करून घ्यावा.

या कायद्याची रीत अशी आहे. प्रत्येक शहरात महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी आपल्यातून निवडून दिलेले आणि त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. समितीने दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे, पात्र व्यक्तींना विक्री प्रमाणपत्र द्यावयाचे, आणि शहराची विक्रीक्षेत्रे कोणती, मर्यादित वेळेची क्षेत्रे कोणती व विक्रीस मनाई असलेली क्षेत्रे कोणती हे ठरवण्यास मदत करावयाची. प्रभाग, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत पथविक्रेत्यांना सामावून घ्यावे, मात्र त्या क्षेत्राची तेवढी धारणक्षमता असावी, असे प्रमाण कायद्याने घातले आहे. 2011 च्या जनगणनेतील मुंबईची 1 कोटी 24 लाखांची लोकसंख्या धरली तर हा आकडा सुमारे 3 लाख 11 हजारांवर जातो. याउलट 2014 च्या सर्वेक्षणात मुंबईत सुमारे 99 हजार अर्ज आले आणि त्यांची छाननी, आक्षेप आणि न्यायालयीन दावे इतके लांबले की समितीवरील फेरीवाला प्रतिनिधींसाठी मतदान होण्यास ऑगस्ट 2024 उजाडला. पालिकेची बरीच कारवाई न्यायालयात अडते ती याच दिरंगाईमुळे, कारण कलम 3 सांगते की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता किंवा हलवता येणार नाही. सर्वेक्षण रखडवून वर गाड्या फिरवत राहणे हा फेरीवाल्यांवर अन्याय आहे आणि पदपथ मोकळा मागणाऱ्या नागरिकाचीही ती फसवणूकच आहे.

त्यामुळे नागरिकाने ‘फेरीवाले हटवा’ असे लिहू नये. तसे लिहिल्यास गाडी येते, माल उचलते आणि संध्याकाळी सर्व काही पूर्ववत होते. त्याऐवजी पत्रात असे विचारावे: ‘अमुक रस्त्यावर, अमुक इमारतीच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंत, सायंकाळी 5 ते 9 या वेळेत पदपथाच्या दोन मीटर रुंदीपैकी चालण्यास अर्धा मीटर उरतो. हा भाग विक्रीक्षेत्र, मर्यादित विक्रीक्षेत्र की मनाई क्षेत्र आहे? येथे प्रमाणपत्रधारक किती आहेत? या जागेबाबत नगर पथविक्रेता समितीने कोणता निर्णय घेतला आहे?’ मोजमाप टेपने घ्यावे, अंदाजाने लिहू नये, आणि छायाचित्रात इमारतीच्या नावाची पाटी येईल असे पाहावे. एकाच जागेत ठरावीक वेळेपुरती विक्री करण्याची सोय कायद्यात आहे, तेव्हा शाळा सुटण्याच्या किंवा स्थानकावरील गर्दीच्या वेळा सोडून विक्री व्हावी अशी मागणी सरसकट बंदीपेक्षा जास्त टिकते. पिढ्यान्‌पिढ्या भरत आलेला नैसर्गिक बाजार मात्र मनाई क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही; अशा जागी विक्रेते उठवण्याची मागणी करणे म्हणजे कागद वाया घालवणे होय.

अंतराचा एक नियम मुंबईकरांना उपयोगी पडतो. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर नोव्हेंबर महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानके व पालिका बाजार यांपासून 150 मीटर, तर शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे यांपासून 100 मीटर अंतराच्या आत विक्री करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले; पादचारी पूल आणि स्कायवॉकही त्यात आले. मात्र रेल्वेच्या मालकीची जमीन, इमारती आणि गाड्या यांना 2014 चा अधिनियम लागू नाही. पुलाच्या पायऱ्या रेल्वेच्या आणि पायऱ्या संपल्यावर लागणारा पदपथ पालिकेचा, अशी हद्द असल्यामुळे पायऱ्यांवरील विक्रीची तक्रार रेल्वे सुरक्षा दलाकडे आणि पदपथावरची विभाग कार्यालयाकडे करावी. हद्द न पाहता केलेली तक्रार दोन्हीकडून परत येते आणि त्यात एक महिना सहज जातो.

आता फेरीवाल्याच्या बाजूने. माल जप्त झाल्यास प्राधिकृत कर्मचाऱ्याच्या सहीची यादी त्याच वेळी मागावी, कारण कलम 19 नुसार ती देणे बंधनकारक आहे. यादीत ‘भाजी, एक गोणी’ असे मोघम लिहू न देता ‘कांदे 40 किलो, तराजू 1, छत्री 1’ असे वजन व नग लिहवून घ्यावेत. पुढे माल कमी भरला तर दाद मागण्यासाठी हाच एक पुरावा हाती राहतो. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत, शुल्क घेऊन परत केला पाहिजे. प्रमाणपत्रधारकास हलवावयाचे असल्यास 30 दिवसांची नोटीस आवश्यक आहे. दुसऱ्या बाजूने विक्रेत्यावरही बंधने आहेत: प्रमाणपत्रातील अटी मोडल्यास 2,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, जागा व आजूबाजूचा परिसर स्वच्छ ठेवावा लागतो आणि नागरी सुविधांचे शुल्क भरावे लागते. वादासाठी सेवानिवृत्त दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. ही समिती आपल्या शहरात खरोखर बसते का, हा प्रश्न फेरीवाला संघटनांनी आयुक्तांना लेखी विचारण्याजोगा आहे.

भांडवलासाठी जून 2020 मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री स्वनिधी योजना आहे. तिचा पहिला हप्ता पूर्वी 10,000 रुपयांचा होता. 2025 च्या फेररचनेनंतर तो 15,000, दुसरा 25,000 आणि तिसरा 50,000 रुपयांचा झाला, आणि वेळेवर फेड करणाऱ्याला व्याजात 7 टक्के अनुदान मिळते. अर्जासाठी विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा पालिकेचे शिफारसपत्र लागते. सर्वेक्षणातून नाव सुटलेल्या विक्रेत्याला हे शिफारसपत्र मिळवता येते, पण कर्जासाठीची शिफारस म्हणजे बसण्याच्या जागेचा परवाना नव्हे, हे त्याने ध्यानात ठेवावे.

पशुवधगृह आणि मांसविक्री

मुंबईचे मुख्य पशुवधगृह देवनारला असून ते 1971 पासून चालू आहे. त्याआधी ते वांद्र्याला होते. बाजार भरवणे, जनावरांची तपासणी, वध आणि मांसाची पाठवणी हा सारा कारभार पालिकेच्या महाव्यवस्थापकांच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे त्याविषयीचे पत्र विभाग कार्यालयात देऊन फारसे काही साधत नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालील 2001 चे पशुवधगृह नियम या जागेचे वेळापत्रक ठरवतात. महापालिका हद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक पशुवधगृहाबाहेर वध करता येत नाही. जनावर आले की पशुवैद्यकाने ते तपासावयाचे, आणि एका पशुवैद्यकाने तासाला 12 व दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासावयाची नाहीत. गाभण मादी किंवा तीन महिन्यांहून लहान पिलू वधासाठी घेता येत नाही. तपासणीनंतर जनावराला 24 तास विसावा द्यावयाचा आणि एका जनावराचा वध दुसऱ्याच्या नजरेसमोर करावयाचा नाही. वधानंतर मांस व अवयव पुन्हा तपासले जातात आणि योग्य ठरलेल्या मांसावर ठसा उमटतो. दिवसाला 96 हा आकडा नुसता वाचून सोडू नये. पशुवधगृहातील दैनंदिन वधसंख्येला 96 ने भागले की तेथे किमान किती पशुवैद्यक हजर असायला हवेत ते निघते, आणि हजेरीपटाशी ते ताडून पाहता येते. देखरेख खरी आहे की कागदोपत्री, हे ओळखण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाही.

महाराष्ट्रात गायीच्या वधास 1976 च्या प्राणी संरक्षण अधिनियमाने आणि वळू व बैल यांच्या वधास त्यात 2015 मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पूर्ण बंदी आहे. म्हशी-रेड्यांच्या वधासाठी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. या कायद्याच्या उल्लंघनाचा संशय असल्यास पोलिसांना कळवावे. वाहने स्वतः अडवण्याचा अधिकार कोणत्याही नागरिकाला नाही, मग त्याची भावना कितीही तीव्र असो.

सामान्य नागरिकाचा संबंध येतो तो कोपऱ्यावरच्या दुकानाशी. त्या दुकानाकडे पालिकेचा परवाना आणि अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना असे दोन स्वतंत्र कागद असले पाहिजेत. अन्नसुरक्षेच्या कागदावरचा 14 अंकी क्रमांक ग्राहकाला दिसेल असा लावणे आवश्यक आहे. दुकानात गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: टांगलेल्या धडावर पशुवधगृहाचा ठसा दिसतो का, मांस रस्त्याच्या धुळीपासून काचेआड आहे का, आणि ओटा धुतलेले पाणी कोठे जाते. ठसा मागच्या मांडीवर किंवा पाठीच्या बाजूला उमटलेला असतो आणि धड जसजसे विकले जाते तसा तो भाग संपतो, म्हणून ही पाहणी सकाळी दुकान उघडताना करावी, दुपारी नव्हे. पालिकेच्या परवान्याबाबत आणि सांडपाण्याबाबत विभाग कार्यालयाकडे, तर मांसाच्या सुरक्षिततेबाबत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार जाते. कोंबड्यांच्या दुकानातही कागद तपासावेत. दिवसाला 50 पर्यंत पक्ष्यांचा वध होत असेल तर नुसती नोंदणी चालते, त्यापुढे परवाना लागतो.

सणांच्या दिवशी पशुवधगृह बंद ठेवण्याचे आदेश निघतात आणि त्यांवरून दर वर्षी वाद होतो. आदेश वाचताना तो वधाला लागू आहे की विक्रीलाही, हे नीट पाहावे. 2015 च्या पर्युषण काळात मुंबई उच्च न्यायालयाने विक्रीवरील बंदीला स्थगिती दिली, मात्र पशुवधगृह बंद ठेवण्याच्या आदेशाला धक्का लावला नाही. म्हणजे देवनार बंद असतानाही आधीचे किंवा बाहेरून वैधपणे आलेले मांस विकणारा दुकानदार आपोआप दोषी ठरत नाही. बकरी ईदला देवनारशिवाय इतरत्र कुर्बानी करावयाची असल्यास पालिकेची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. सदनिकेच्या आत परवानगी मिळत नाही. ज्या संस्थेत जागेवरून वाद होण्याची शक्यता आहे तिने नेमून दिलेल्या सामुदायिक जागांची यादी विभाग कार्यालयातून आधीच आणून फलकावर लावावी.

कचरा आणि झाडलोट

येथे माणूस ओळखीचा असतो, ही या खात्याची जमेची बाजू. आपल्या रस्त्याची हजेरी कोणत्या चौकीवर लागते, मुकादम कोण आणि त्याच्यावरचे पर्यवेक्षक कोण, एवढे कळले तरी निम्म्या तक्रारी लिहाव्या लागत नाहीत. पुण्यात याच चौकीला आरोग्य कोठी म्हणतात. मुंबईत 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा; पुढच्या प्रत्येक पत्रात तो लिहावा लागतो.

मुंबईत दररोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा गोळा होतो. मुलुंडची क्षेपणभूमी 2018 मध्ये बंद झाल्यापासून त्याचा मोठा भार कांजूरमार्गवर पडला आहे आणि देवनारची क्षेपणभूमी तर 1927 पासूनची आहे. त्यामुळे कचरा वेगळा करण्याचा आग्रह हा शिष्टाचाराचा भाग राहिलेला नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना ‘मोठे कचरा निर्माते’ ठरवून ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग करावे लागतात. फेरीवाल्यांबद्दल तक्रार करणाऱ्या संस्थेने आधी आपले डबे तपासावेत हे बरे. पाहणीला आलेला पर्यवेक्षक फाटकाच्या आतही डोकावतो.

तिन्ही विषय एकत्र येतात ते याच ठिकाणी. भाजीवालीच्या टोपलीखालचा पाला, कोळणीच्या पाटीतले पाणी आणि मटणाच्या दुकानातली हाडे ही रात्री नऊ-दहाच्या सुमारास पदपथावर पडतात, तर झाडू पहाटे फिरतो. मधल्या काळात कुत्री, उंदीर आणि कावळे त्यावर ताव मारतात. 2016 च्या नियमांनी विक्रेत्याने स्वतःचा डबा ठेवावा आणि पालिकेने भाजी, फळे, मांस व मासळी बाजारांतील कचरा रोजच्या रोज उचलावा अशी दुहेरी जबाबदारी घातली. म्हणून येथे मागणी अधिक झाडूची नसावी. विक्री संपण्याच्या वेळेला जोडून रात्रीची एक फेरी मिळावी, अशी असावी. रात्री दहाची एक गाडी पहाटेच्या तीन झाडूवाल्यांचे काम हलके करते, हे कोणताही मुकादम सांगेल. ही वेळ ठरवण्यासाठी अनुज्ञापन (परवाने देणारे), घनकचरा आणि आरोग्य खात्यांच्या संयुक्त पाहणीची लेखी मागणी सहायक आयुक्तांकडे करावी, पाहणी विक्रीच्या वेळेत व्हावी असा आग्रह धरावा आणि फेरीवाल्यांच्या एका प्रतिनिधीला सोबत घ्यावे. दुपारी बाराला झालेल्या पाहणीच्या अहवालात पदपथ नेहमीच मोकळा असतो.

थुंकणे आणि कचरा टाकणे यांसाठी मुंबईच्या 2006 च्या स्वच्छता उपविधींत 200 रुपये दंड ठेवण्यात आला होता आणि वसुलीसाठी क्लीन-अप मार्शल नेमण्यात आले होते. त्यांच्याविषयी तक्रारी वाढल्यावर एप्रिल 2025 मध्ये ती व्यवस्था थांबवण्यात आली. दंड कोणीही मागितला तरी छापील पावती आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पत्रांना उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढीच मुभा आहे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो आणि उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तेव्हा येथेही तीन अर्ज करावेत: अनुज्ञापन खात्याकडे जप्तीच्या याद्या आणि विक्रीक्षेत्राचा नकाशा, पशुवधगृहाकडे दैनंदिन तपासणीची नोंदवही, आणि घनकचरा खात्याकडे आपल्या रस्त्यावरील वाहनाच्या फेऱ्यांचे नोंदपत्रक. ‘का केले नाही’ असे विचारू नये, कारण कारणे सांगणे माहिती अधिकाऱ्याला बंधनकारक नाही. नोंदी मागाव्यात आणि शक्य असेल तेथे छायाप्रतींऐवजी कार्यालयात जाऊन मूळ नोंदवही पाहण्याची परवानगी मागावी. नोंदवहीत एकाच दिवशी, एकाच शाईने लिहिलेला सबंध महिना छायाप्रतीत ओळखू येत नाही, मूळ वही उघडली की लगेच दिसतो.